भत्त्याच्या खिडकीवर व्याही

पल्लवी तिसरीत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात? तिनं उभं राहून सांगितलं, "पाणी उकळतात." वर्ग हसला. घरी येऊन ती रडली. मी तिला म्हटलं, बेटा, खरंच तर सांगितलंस तू, त्यात रडायचं काय?

अकोल्याच्या एमआयडीसीत एका तेलाच्या कारखान्यात मी बॉयलरवर होतो. आमच्याकडे सरकीचं तेल निघायचं. सरकी भरडली की तिला वाफ द्यावी लागते, मगच ती तेल नीट सोडते. पुढे ते तेल शुद्ध करायलाही वाफच लागते. ही सगळी वाफ जिथून यायची तो बॉयलर माझ्या ताब्यात असे. तुरीचं फणकट, सरकीची टरफलं, भुशाच्या विटा, जे मिळेल ते जाळायचं आणि दाब एका जागी धरून ठेवायचा. सांगायला सोपं आहे. बॉयलरला एक उभी काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. माझी नोकरी म्हणजे ती काच बघणं. पाणी कमी झालं तर आतल्या नळ्या जळतात, आणि लालबुंद झालेल्या नळ्यांवर घाईघाईनं गार पाणी सोडलं तर बॉयलर उडतो आणि जवळपासची माणसंही उडतात. म्हणून बॉयलरवाला जेवतानाही काचेकडे तोंड करून बसतो. एकदा ती काचच फुटली. माझ्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून निघाली होती. आजही उन्हाळ्यात तिथं चुरचुरतं.

या कामाची परीक्षा असते, सर्टिफिकेट मिळतं. ते मी फ्रेम करून घरात लावलं होतं. तिवशाकडच्या आमच्या गावात सगळे भाऊबंद शेतीतले. कंपनीत गेलेला मी एकटाच. गावी गेलो की मला ओट्यावर बसायला खुर्ची मिळायची, भावाला मिळायची नाही. हे मी आज लिहितोय खरा, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खुर्चीवर बसून चहा प्यायचो.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी सरकी गाळणं बंद केलं. बाहेरून तयार तेल आणून डब्यात भरणं त्यांना परवडू लागलं होतं. डबे भरायला वाफ लागत नाही. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मी समजलो. पत्र हातात दिलं. खातं बंद झाल्यामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. साहेब भले होते, पुन्हापुन्हा माफी मागत होते. मीच त्यांना म्हणालो, "असू द्या साहेब, तुमचा काय दोष?"

भट्टीतली आग काढल्यावर बॉयलर एकदम गार होत नाही. तो दोन दिवस हळूहळू निवतो. ते दोन्ही दिवस मी जात राहिलो. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हटकलंही नाही. शेवटी पाणी सोडून दिलं, झाकणं उघडी केली आणि घरी आलो.

बायकोला सांगितलं. शोभा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बरं. जेवून घ्या आधी." तिच्याकडून मला एवढंच ऐकायचं होतं बहुतेक. पण गल्लीत, नात्यात, गावात मी कुणालाही सांगितलं नाही आणि तिलाही सांगू दिलं नाही. वयानं रिटायर झालेल्या माणसाला लोक हार घालतात. मधेच घरी बसवलेल्याला विचारतात, काय केलं होतं तुम्ही? मी काही केलं नव्हतं. तरी त्या प्रश्नाची भीती इतकी, की दूधवाल्यालाही मी सांगितलं, रात्रपाळी चालू आहे.

भत्त्याचं मला कंपनीतल्याच एका कारकुनानं सांगितलं होतं. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात, त्यात दवाखान्यासोबत हीदेखील एक सोय आहे. कामावरून कमी केलेल्या माणसाला तीन महिन्यांपर्यंत साधारण अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळतो. आयुष्यात एकदाच. स्वतःहून राजीनामा दिलेल्याला मात्र मिळत नाही, गैरवर्तनावरून काढलेल्यालाही नाही. मी ते ऐकून घेतलं आणि विसरायचं ठरवलं.

शोभा विसरली नाही.

"काहून नाई भरत अर्ज?" तिनं एक दिवस विचारलं.

"मी काय निराधार आहो काय?"

"निराधाराचा कुठी आला? तुमच्याच पगारातून कापत होते न? तवा लाज नाई वाटली कापताना, आता घेताना वाटते?"

शेवटी मी आमच्या भागातलं सोडून पार दुसऱ्या टोकाचं सेतू केंद्र गाठलं. संगणकावर बसलेली मुलगी पल्लवीच्याच वयाची होती. ती एकेक रकाना मोठ्यानं वाचायची आणि मी उत्तर द्यायचो. "बेरोजगार झाल्याचं कारण?" तिनं विचारलं. मागे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाच-सहा जण उभे होते. त्रेपन्नाव्या वर्षी मला कुणी बेरोजगार म्हटलं ते पहिल्यांदा. बेरोजगार म्हणजे माझ्या डोक्यात चौकात मोटरसायकलवर बसलेली पोरं. मी पत्र तिच्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणालो, "यात पाहून लिही बाई."

छापील अर्ज, आधार, पासबुकाची झेरॉक्स, हे सगळं विम्याच्या शाखेत द्यायचं होतं. शाखा अकोल्यातच होती. पण तिथं आमच्या कारखान्यातलं कुणी भेटेल, गल्लीतलं कुणी पाहील, या धास्तीनं मी ठरवलं की अमरावतीच्या शाखेत द्यायचं.

"अकोल्यात ऑफिस असताना अमरावतीले कायले जाता?" शोभा म्हणाली.

"पल्लवीकडेबी जाणं होते."

पल्लवी अमरावतीला दिलेली. जावई नितीन मोबाइलच्या दुकानात कामाला. पल्लवी एका खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. तिचे सासरे सुधाकरराव विणकामाच्या एका कारखान्यात मागांचे फिटर. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आमचे हे इवाई बोलण्यात मोठे फर्डे. कुठल्याही बैठकीत कंपनी हाच विषय. आपण हात लावल्याशिवाय माग सुरू होत नाही, जर्मनीची मशीन आली तेव्हा साहेबानं आपल्यालाच कसं पुढं केलं, हे सगळं मी साखरपुड्यापासून ऐकत आलो होतो. त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक मागात गेलेलं. ते बोट वर करून ते बोलायचे.

मे महिना होता. वऱ्हाडातल्या उन्हात डोक्याला, तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. डोळे तेवढे उघडे. सगळा गाव दरोडा घालायला निघाल्यासारखा दिसतो. एरवी मला त्या दुपट्ट्याचा कंटाळा. त्या दिवशी बरं वाटलं. अमरावतीला उतरून विचारत विचारत शाखेत गेलो आणि आत गेल्यावरही दुपट्टा सोडला नाही. सावलीत, कूलरसमोर तोंड बांधून उभा राहिलो. बाकावर आणखी एक माणूस तसाच बसला होता. मला वाटलं, हाही माझ्यासारखाच दिसतो.

खिडकीवरच्या मॅडम स्वभावानं चांगल्या असाव्यात. पण कूलर विमानासारखा घरघरत होता, त्यामुळे त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं.

"महादेव शंकर वानखडे?" त्या ओरडल्या. "बेरोजगारीच्या भत्त्याचा अर्ज न तुमचा?"

"हो."

"काका, तुमची शाखा अकोला आहे! हा अर्ज तिकडेच द्या!"

बाकावरच्या माणसानं झटकन वळून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मग नाकावरून घसरलेला दुपट्टा त्यानं डाव्या हातानं वर ओढला. त्या हाताच्या पहिल्या बोटाला टोक नव्हतं.

मी खिडकीकडे वळलो. मॅडम सांगत होत्या, तुमचे कागद बरोबर आहेत, चिंता करू नका, फक्त अकोल्याला द्या. मी मान हलवत होतो. परत पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता.

बाहेर येऊन मी रसवंतीत बसलो. उसाचा रस समोर आला तो तसाच राहिला. मनात येत होतं, परस्पर बस धरून अकोला गाठावं. पण शोभानं सकाळीच पल्लवीला फोन करून टाकला होता. पोरगी रस-पोळी करून वाट पाहत होती.

घरी गेलो तर दिवाणावर सुधाकरराव बनियनवर बसलेले, हातात पेपर.

"या इवाई, या! कवा आले?"

"आत्ताच येऊन राहिलो."

"आज यांची पाळी लवकर सुटली म्हणते," इनबाई पाणी देत म्हणाल्या. विहिणीला आम्ही इनबाई म्हणतो. "तुमचं नशीब, नाईतर हे सहा वाजेपर्यंत कुठी घरी सापडते?"

सुधाकररावांच्या डोक्यावर दुपट्ट्याची घडी उमटलेली होती, केस त्या रेषेवर घामानं चिकटले होते. माझीही तशीच दिसत असणार. आम्ही एकमेकांच्या कपाळाकडे पाहिलं आणि दोघांनीही पंख्याकडे नजर वळवली.

जेवायला बसलो. पल्लवी वाढत होती. तिला दिवस गेले होते, आता दिसायला लागलं होतं. चेहरा भरला होता. आंब्याचा रस, पोळ्या, कुरडया. इनबाई आग्रह करत होत्या आणि नवऱ्याचं कौतुकही. "यायच्या खात्यात नवे माग येऊन राह्यले म्हणे. सुट्टी मांगाचीबी सोय नाई."

"हाव, लोड आहे," सुधाकरराव ताटात बघत म्हणाले.

मला त्यांची कीव येत होती आणि मनात कुठंतरी बरंही वाटत होतं. एवढी वर्षं ऐकवलं, आता? हा विचार आल्याबरोबर मी पाण्याचा पेला उचलला.

मग पल्लवी म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडून राहिली. येत्या महिन्यापासून."

"काहून?"

"उभं राहून पाय सुजतात. आत्याबाई म्हणतात, सोड."

"मंग काय तर," इनबाई म्हणाल्या. पल्लवी सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामाजी. "घरात दोन माणसं कमावते असताना इले कायले धावपळ? लेकरू झालं की पुन्हा पाहू."

"दवाखान्यात रजा देत नाहीत?" मी विचारलं.

"देतात. पण मामाजी आहेत न," पल्लवी हसून म्हणाली. "मले कायची चिंता?"

सुधाकरराव उठले आणि हात धुवायला गेले.

दुपारी त्यांनीच गाडी काढली. "चला इवाई, स्टँडवर सोडून देतो." गल्ली संपल्यावर एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, पण ते उतरले नाहीत. माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलले.

"तुमी पायलं न मले?"

"पायलं."

"मीबी आयकलं तुमचं नाव. मले दीड महिना झाला. आमचं अख्खं खातं बंद केलं. घरी सांगतलं नाई."

"माझीबी नोकरी गेली. अकोल्यात कोणी पाहू नये म्हणून इकडे आलो."

ते हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. "मी अकोल्यालेच जाणार होतो, अर्ज द्याले. आज नुसता विचाराले म्हणून गेलतो. अन् माहा अर्ज होतबी नाई इवाई. आमच्याकडून राजीनामे लिवून घेतले. लिवून द्या, हिशेब लवकर करतो म्हणे. सगळ्यायनं लिवले, मीबी लिवला. आता त्या मॅडम म्हणतात, कागदावर तुमी सोताहून सोडलं."

एवढा बोलका माणूस, पण त्याला वाक्यं जुळत नव्हती. मी गाडीवरून उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"पल्लवी नोकरी सोडून राहिली. आज सांगा घरी."

"आठ दिवस द्या मले."

"तवरोक ती सोडून बसन!"

"मले तोंड नाई हो!" ते एकदम ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचं तसं नाई. तुमाले काढलं. मी सोताच्या हातानं लिवून देल्लं. काय सांगू घरी? अडाणी होतो म्हणून सांगू?"

मी त्यांना काय समजावणार? मी स्वतःच तोंड बांधून शंभर किलोमीटर आलो होतो. पण पल्लवीचं ते "मामाजी आहेत न" कानातून जात नव्हतं. ती माझी एकुलती एक. ऐन बाळंतपणात तिच्या घरात एकटा नितीनचा पगार राहिला असता, आणि माझ्याकडूनही तिला काही पोचलं नसतं. मी म्हणालो, "गाडी फिरवा. मी माझं सांगतो. मंग तुमाले सोपं जाईन."

त्यांनी गाडी फिरवली.

मुलीच्या सासरी बाप कसा बसतो हे मी सांगायला नको. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. इनबाई आणि पल्लवी दोघी समोर होत्या. म्हणालो, "पल्लवी, माझी नोकरी गेली. खातं बंद झालं. आज मी त्याच कामासाठी आलतो. बेरोजगारीच्या भत्त्याच्या अर्जासाठी."

इनबाईंनी विचारलं, "अगं माय! काई झालं होतं का तिकडे?"

तोच प्रश्न. गल्लीत ज्याला घाबरत होतो, तो मुलीच्या सासूनं विचारला. त्यांनी वाईट हेतूनं विचारला नसेल. माझे कान मात्र तापले. मी म्हणालो, काही झालं नव्हतं, खातंच बंद झालं. "अन् भत्ता म्हणजे सरकार देते का? त्या निराधारायले देते तसा?" मी तेही समजावून सांगितलं. समजावता समजावता आपण खुलासा देतोय असं वाटत राहिलं. पल्लवी आत गेली. पाण्याचा पेला घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "बाबा, मले फोनवर सांगता आलं असतं न."

सुधाकरराव दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता बोला, आता सोपं आहे.

ते म्हणाले, "होते असं. आजकाल सगळीकडेच होऊन राह्यलं." आणि चपला काढून आत जाऊन बसले.

स्टँडवर मी रिक्षानं गेलो. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी दुपट्टा सोडला नाही, आणि तो उन्हासाठी नव्हता. माझी इज्जत मी त्यांच्या घरी ओतून आलो आणि माणूस भिंतीसारखा बसून राहिला, हा राग होता. पण रागापेक्षा शरम मोठी होती. इनबाई उद्या माझ्या पोरीला एखाद्या रागाच्या भरात काय बोलतील, हे मी मनात रचत होतो. घरी आल्यावर शोभाला सगळं सांगितलं, सुधाकररावांचं सोडून. ते सांगायचा हक्क मला नव्हता.

त्यानंतरचे काही दिवस मी अर्ज घेऊन बाहेरच पडलो नाही. एका सकाळी दारात हाक आली, "इवाई आहेत का घरी?"

सुधाकरराव होते. दुपट्टा गळ्यात, तोंड उघडं. शोभा गडबडली. न सांगता व्याही दारात, म्हणजे पोरीचं काही बरंवाईट तर नाही? त्यांनी आधी तेच सांगितलं, "पल्लवी मस्त आहे, घाबरू नोका." मग खाली बसले आणि म्हणाले, "सांगून टाकलं मी."

"कसं काय?"

"काल संध्याकाळी पल्लवी कागद घेऊन आली माझ्याजवळ. म्हणे, मामाजी, तुमी एवढे वर्ष कंपनीत आहे, राजीनाम्यात काय लिवतात सांगा न." त्यांनी डोळे मिटले. "मले विचारून राहिली! मी तिच्या हातातून कागदच घेऊन घेतला. म्हणलं, पोरी, हे लिवू नको. मी लिवला अन् फसलो. मंग सारंच निघालं तोंडातून. लहान लेकरासारखा रडलो सुनेसमोर."

शोभानं पदर तोंडाला लावला. तिला आत्ताच सगळं कळत होतं.

"अन् इनबाई?" मी विचारलं.

"नोकरीचं काईच बोलली नाई ते. तिनं इचारलं, इवाई उंबऱ्यात उभे राहून सांगत होते तवा तुमाले मालूम होतं? मी म्हणलं, हाव. खिडकीवर भेटले तवा तुमी लपले? हाव. मंग म्हणे, तुमची नोकरी गेली त्याची मले लाज नाई, याची आहे." ते माझ्याकडे पाहायला तयार नव्हते. "पहाटे डबा भरून देल्ला. म्हणे, जा, त्यायच्यासंगं त्या ऑफिसात जाऊन या. एकटे गेल्ते ते."

आम्ही दोघं अकोल्याच्या शाखेत गेलो. मी दुपट्टा घरीच ठेवला, टोपी घातली. खिडकीवर एक तरुण कारकून होता, त्यानं कागद पाहिले आणि ठेवून घेतले. पाच मिनिटांचं काम. ज्याला मी इतका भ्यालो होतो ते पाच मिनिटांत उरकलं, याचंच मला ओशाळल्यासारखं झालं. सुधाकररावांनी आपलंही विचारून घेतलं. तो म्हणाला, राजीनामा कागदावर असेल तर इथं काही होणार नाही, पण तुमच्याकडून तो लिहवून घेतला असेल तर सगळे मिळून कामगार कार्यालयात तक्रार द्या. सुधाकररावांनी पुढे ते केलं. त्यांच्या खात्यातले लोकही आपापल्या घरी लपून बसले होते, एकेकाच्या दारी जाऊन त्यांनी त्यांना बाहेर काढलं. प्रकरण अजून चालू आहे. काय होईल सांगता येत नाही.

माझा भत्ता आला. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी भाजीबाजारात होतो. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. मी इकडेतिकडे पाहिलं, जणू त्या टिणटिणीतून लोकांना कळलं असतं कशाचे पैसे आहेत. हक्काचे आहेत, आपल्याच पगारातून कापलेल्या विम्याचे आहेत, हे सगळं मला पाठ झालं होतं. शोभानं ते मला कितीदा समजावलं. डोक्याला पटतं. पण आयुष्यभर वाफ केली तेव्हा पगार घेतला, आता काहीच न करता घेतोय, हे कुठंतरी टोचत राहिलं ते तिन्ही महिने. त्या पैशानं घर चाललं, उसनं मागावं लागलं नाही. आज मी एका दवाखान्याच्या धुलाईघरात छोट्या बॉयलरवर आहे. बटण दाबलं की वाफ येते. पगार कमी आहे, उभी काच मात्र तिथंही आहे.

पल्लवीनं राजीनामा दिला नाही. दवाखान्यानं रजा दिली. मुलगी झाली. बारशाला अमरावतीला दोन्हीकडचे पाहुणे जमले होते. मंडपात आम्ही दोघे व्याही पाहुण्यांना बसवत होतो. इनबाईंचे एक मावसभाऊ आले होते, बडनेऱ्याकडचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय सुधाकरराव, कंपनी काय म्हणते?"

मी नजर वळवली. सुधाकरराव म्हणाले, "कंपनी कुठची? काढलं न मले. मोटारी दुरुस्त करतो दुकानात. अन् या इवाईलेबी काढलं होतं. यायनं भत्ता घेतला तीन महिने, मले तोबी नाई भेटला."

आजूबाजूची माणसं थांबली. मला वाटलं, माझं कशाला सांगितलं यांनी? मावसभाऊ "अस्सं का, अस्सं का" म्हणत पुढे सरकले. दोन बायका आमच्याकडे पाहून काहीतरी बोलल्या. माझे कान पुन्हा तापले होते. सुधाकरराव मात्र पंगतीत बुंदी वाढायला निघून गेले.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मंडपाच्या मागे गेलो. ते मावसभाऊ नळाजवळ उभे होते. हात धुऊन झाले होते, तरी ते तिथंच रेंगाळत होते. मी आल्यावर त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि जवळ येऊन अगदी हळू विचारलं, "ते भत्त्याचं म्हणत होते... ते कुठी विचारा लागते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाची इस्त्री कडक होती, पण दाढी दोन दिवसांची.

"कवा झालं?" मी विचारलं.

"होळीच्या आधी. घरी मालूम नाई अजून."

मी त्यांना सांगितलं. कुठं जायचं, कोणते कागद न्यायचे, राजीनामा मागितला तर लिहून देऊ नका, दिला असेल तर काय करा, सगळं सांगितलं. सुधाकररावांनी मोठ्यानं सांगितलं असतं, मंडपातल्या आणखी कुणाला गरज असली तर त्यालाही ऐकू गेलं असतं. पण समोरचा माणूस इतक्या हळू विचारत होता, की मीही आवाज खाली घेतला. नळ सोडून ठेवला आणि पाण्याच्या आवाजात, त्याच्या कानाशी वाकून बोलत राहिलो.